आयोवातल्या काउंटीत ९११ डिस्पॅचरचं काम: नुसते फोन घ्यायचे असतात का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका लहान गावात राहायला आल्या आहेत. ग्रीन कार्ड झालंय. नाशिकला बँकेत बरीच वर्षं काउंटरवर काम केलंय. आता तिथल्या शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पोलिसप्रमुखाच्या ऑफिसात डिस्पॅचरची जागा निघाली आहे. ९११ या तातडीच्या नंबरावरचे फोन घेऊन मदत पाठवणारा तो डिस्पॅचर. त्यांनी विचारलंय: काम नेमकं काय असतं, नुसते फोन घ्यायचे असतात का, रात्री एकटीनं बसायला झेपेल का, आणि आपला मराठी उच्चार आड येईल का?

मी आयोवातल्याच दुसऱ्या एका काउंटीत हे काम बरीच वर्षं करते आहे, बहुतेक रात्रपाळीत. त्यामुळे माझं उत्तर या राज्यापुरतं आणि लहान काउंटीपुरतं आहे. शिकागोसारख्या शहरात हेच काम फार वेगळं असतं. तिथे एक जण फोन घेतो, दुसरा पोलिसांचा रेडिओ सांभाळतो, तिसरा अग्निशमन दलाचा. आमच्याकडे रात्री दोन वाजता हे सगळं एकाच खुर्चीतून चालतं. ९११ चे फोन, ऑफिसचे साधे फोन, डेप्युटींचा, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसांचा रेडिओ, गावोगावच्या अग्निशमन दलांचे पेजर, अ‍ॅम्ब्युलन्स, वादळाचे भोंगे, थांबवलेल्या गाडीची नंबरप्लेट तपासणं, रस्त्यावर आलेल्या गाईंचा मालक शोधणं. बऱ्याच लहान काउंट्यांमध्ये शेरीफचा तुरुंग त्याच इमारतीत असतो आणि त्याचे दरवाजे आणि कॅमेरेही डिस्पॅचरच्याच टेबलावर असतात. जाहिरातीत हे लिहिलं आहे का, ते नीट वाचा.

पण ही यादी म्हणजे काम नव्हे. या कामाचा जीव दुसरीकडे आहे आणि तो अंतरात आहे.

आयोवात ९९ काउंट्या आहेत आणि सरासरी काउंटी साधारण ५७० चौरस मैलांची. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढा भाग होतो त्याच्या दुपटीहून जास्त, आणि त्यात वस्ती बऱ्याच ठिकाणी दहा-पंधरा हजारांची. रात्री एवढ्या भागात गस्तीवर एक किंवा दोन डेप्युटी असतात. अ‍ॅम्ब्युलन्स काउंटीच्या मुख्य गावी असली तर टोकाच्या शेतावर पोचायला वीस मिनिटं सहज लागतात, बर्फात त्याहून जास्त. अग्निशमन दलातली माणसं व्हॉलंटिअर असतात. पेजर वाजल्यावर ती अंथरुणातून उठतात, स्वतःच्या पिकअपमधून स्टेशनवर येतात आणि मग बंब निघतो. या सगळ्या वेळात त्या घरात बाहेरचं कोणी पोचलेलं असेल तर तो तुमचा आवाज. म्हणून मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते की आपण मदत पाठवतो हे अर्धंच खरं आहे, ती पोचेपर्यंतची मदत आपणच आहोत. तुमच्या ‘नुसते फोन’ या प्रश्नाचं माझं उत्तर हेच.

पूर्वी असं नव्हतं. ९११ वरचा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात लागला. तेव्हा आणि पुढे बरीच वर्षं फोन घेणाऱ्याचं काम एवढंच होतं की पत्ता लिहून घ्यायचा आणि गाडी पाठवायची. १९७० च्या दशकाच्या शेवटी सॉल्ट लेक सिटीतले डॉक्टर जेफ क्लॉसन यांनी डिस्पॅचरसाठी कार्डं तयार केली: कोणत्या तक्रारीला कोणते प्रश्न विचारायचे आणि गाडी येईपर्यंत फोनवरच्या माणसाला काय करायला सांगायचं. आज ती कार्डं, किंवा त्याच धर्तीवर बेतलेली दुसरी, आमच्या संगणकाच्या पडद्यावर असतात. तुम्हाला वैद्यकीय ज्ञान नसलं तरी चालतं. कार्डावर जे आहे ते, जसं आहे तसं, थरथर न दाखवता बोलता यावं लागतं.

पहिला प्रश्न कायम एकच: कुठे? काय झालं हे नंतर. फोन तुटला आणि ‘कुठे’ माहीत असलं तर मी निदान एक डेप्युटी तिकडे धाडू शकते. ‘काय’ माहीत आहे पण ‘कुठे’ नाही, तर हात बांधलेले. घरच्या जुन्या तारेच्या फोनवर पत्ता आपोआप पडद्यावर येतो. मोबाइलवरून आलेल्या कॉलला आधी टॉवरचा अंदाज मिळतो, मग काही सेकंदांनी नकाशावरची जागा सुधारत जाते. हल्ली ती बरीच अचूक असते, पण दऱ्याखोऱ्यात, धान्याच्या लोखंडी कोठीत, तळघरात ती भलतीकडेही दाखवते. काउंटीच्या सीमेवर नदी असेल तर तुमच्या काठावरचा फोन पलीकडच्या टॉवरला लागतो आणि शेजारच्या काउंटीत वाजतो. म्हणून ठिपका दिसत असला तरी पत्ता माणसाकडून वदवून घ्यायचा, आणि दोनदा.

इथले रस्ते एक-एक मैलाच्या चौकटीत आखलेले आहेत, खडीचे आणि नंबरांचे. नकाशावर ते फार सोपे वाटतात. पण घाबरलेला माणूस नंबर सांगत नाही. तो सांगतो, ‘जॉन्सनच्या जुन्या जागेच्या पुढे’, आणि ते जॉन्सन तीस वर्षांपूर्वी शेत विकून गेलेले असतात. आपल्याकडे नाही का, पाटलांचा वाडा पडून तिथे इमारत उभी राहिली तरी पत्ता वाड्याचाच राहतो. हे शिकायला एकच मार्ग आहे: सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची आणि काउंटी फिरायची. पूल कुठे आहेत, कोणता रस्ता पावसात बंद होतो, कोणत्या वळणाला कोणाचं कोठार आहे, हे डोळ्यांनी पाहून ठेवायचं. मी अजूनही फिरते.

परक्या माणसाला हायवेवर मैलाच्या खुणेचा आकडा आणि गाडी कोणत्या दिशेनं चालली होती ते विचारायचं. आयोवातली निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर तयार होते, त्यामुळे शेतांत पवनचक्क्यांचे खांब जागोजागी आहेत आणि प्रत्येक खांबावर नंबर असतो. तो नंबर वाचून दाखवला तरी मला जागा सापडते. रेल्वे फाटकाजवळ निळी पाटी असते, तिच्यावर त्या फाटकाचा क्रमांक आणि रेल्वेचा फोन नंबर लिहिलेला असतो. गाडी रुळांवर अडकली तर आधी सगळ्यांनी उतरून लांब व्हायचं, मग त्या पाटीवरच्या नंबरला फोन करायचा, कारण गाड्या थांबवणं रेल्वेच्याच हातात असतं. ही पाटी बहुतेकांनी कधी वाचलेलीच नसते. तुम्ही इथे राहता, एकदा थांबून वाचा.

पत्ता मिळाला की मी पेजर वाजवते आणि मग पुढचे प्रश्न विचारते. फोनवरच्या माणसाला हे दिसत नाही. तो ओरडतो, ‘प्रश्न काय विचारत बसलात, अ‍ॅम्ब्युलन्स पाठवा!’ त्याचा राग अगदी रास्त आहे. त्याला एवढंच सांगायचं की अ‍ॅम्ब्युलन्स निघाली आहे, माझ्या प्रश्नांनी ती थांबत नाही. एकटी असताना मधेच रेडिओवर बोलावं लागतं, तेव्हाही आधी सांगायचं: ‘मी दहा सेकंद दुसरीकडे बोलणार आहे, फोन ठेवू नका, मी इथेच आहे.’ न सांगता गप्प झालात तर त्या माणसाला ती दहा सेकंदं फार मोठी वाटतात.

आता हृदय बंद पडल्याच्या फोनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या कामात शब्दानं जीव वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त इथे असते. प्रश्न दोनच. तो शुद्धीवर आहे का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं की छाती दाबायला सुरुवात. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फसवं असतं. बायको म्हणते, ‘हो, श्वास घेतायत, घोरतायत.’ हृदय थांबलेला माणूस काही मिनिटं अधूनमधून आचके देतो, घोरल्यासारखा आवाज येतो, आणि घरच्यांना ते जिवंतपणाचं लक्षण वाटतं. मग मी सांगते, ‘प्रत्येक श्वासाला मला ‘आता’ म्हणा.’ दोन ‘आता’ंमध्ये फार वेळ गेला की समजायचं, हा श्वास नव्हे. मदत न मिळता जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं, आणि आमची अ‍ॅम्ब्युलन्स वीस मिनिटांवर. गणित तुम्हीच करा.

फोन स्पीकरवर ठेवायला सांगायचं. माणूस पलंगावर असेल तर जमिनीवर घ्यायचा, गादीवर दाबून उपयोग नसतो. सत्तरीतल्या बाईला नवरा उचलत नाही, तेव्हा चादरीसकट ओढायला सांगायचं. ‘पडतील, लागेल’ असं ती म्हणते. लागलं तर लागू दे, असं तिला सांगण्याची हिंमत आपल्यात असावी लागते. मग छातीच्या मधोमध तळहात, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि मी मोठ्यानं मोजते. ती माझ्याबरोबर मोजते. बरगडी मोडल्याचा आवाज येतो, ती थांबते. तेव्हाही तेच वाक्य: थांबू नका, दाबत राहा, मी तुमच्याबरोबर आहे. आकांत करणाऱ्या माणसाला नवनवीन समजुती घालून उपयोग होत नाही. त्याचं नाव घ्यायचं आणि एकच वाक्य त्याच शब्दांत, त्याच पट्टीत पुन्हा पुन्हा म्हणायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते वाक्य आत पोचतं. हे तंत्र म्हणून शिकवलं जातं आणि ते खरंच चालतं. बहुतेक वेळा पहिल्यांदा दार उघडतो तो मैलभरावर राहणारा एखादा व्हॉलंटिअर नाहीतर डेप्युटी. बऱ्याच डेप्युटींच्या गाडीत हृदयाला झटका देणारं यंत्र असतं.

ग्रामीण काउंटीचे म्हणून काही फोन आहेत, जे शहरातल्या डिस्पॅचरला आयुष्यात एकदाही येत नाहीत. सगळ्यात वाईट, धान्याच्या कोठीत माणूस अडकल्याचा. इथे मका पत्र्याच्या प्रचंड गोल कोठ्यांमध्ये साठवतात आणि खालून ऑगर नावाच्या फिरत्या पात्याच्या नळीनं बाहेर काढतात. मका ओलसर भरला गेला असेल तर त्याचे गड्डे होतात, वर पापुद्रा धरतो आणि खालचा मका निघून जाऊन आत पोकळी तयार होते. शेतकरी तो पापुद्रा फोडायला काठी घेऊन आत उतरतो. ऑगर चालू असेल तर वाहता मका त्याला अर्ध्या मिनिटाच्या आत डोक्यापर्यंत गिळतो.

फोन करणारा बहुतेक वेळा मुलगा असतो, किंवा भाऊ. पहिली गोष्ट: ऑगर बंद. चालू असेल तर लगेच बंद, आणि ‘मका खाली काढून घेऊ’ म्हणून पुन्हा चालू अजिबात नाही. दुसरी: हवा खेळवण्याचा पंखा चालू, पण गरम हवेचा नको. तिसरी सगळ्यात अवघड: तू आत उतरू नकोस. बाप कमरेपर्यंत मक्यात आहे, हाका मारतोय, आणि मी परकी बाई फोनवरून पोराला सांगते की शिडीवरून खाली ये. दोरीनं ओढून माणूस निघत नाही. मक्याचा दाब इतका असतो की ओढण्यानं त्याला इजाच होते, आणि उतरणारा स्वतः रुततो. कोठीतल्या अपघातांत वाचवायला गेलेल्या माणसांचे जीव कित्येकदा गेले आहेत. मग मी त्याला काम देते. फाटकापाशी जा, दिवे लाव, बंब आला की कुठे वळायचं ते दाखव, वडिलांशी वरून बोलत राहा, हात छातीपुढे धरायला सांग. दरम्यान इकडे मी दोन-तीन गावांचे पेजर वाजवलेले असतात. माणसाभोवती पत्र्यांचं कडं उभं करून त्यातला मका उपसायचं साधन ज्या दलाकडे आहे त्यांना उठवलेलं असतं आणि धान्य ओढून घेणाऱ्या मोठ्या यंत्रासाठी सहकारी संस्थेच्या माणसाला घरी फोन केलेला असतो. कोणाकडे काय आहे आणि त्याचा रात्रीचा नंबर कोणता, ही वही डिस्पॅचरनं स्वतः अद्ययावत ठेवायची असते. कोणी सांगायला येत नाही.

दुसरा असा फोन अमोनियाचा. मक्याला नत्र देण्यासाठी इथे वसंतात आणि शरदात जमिनीत अमोनिया वायू सोडतात. ट्रॅक्टरमागे पांढऱ्या टाक्या जाताना तुम्ही पाहिल्याच असतील. नळी फुटली की पांढरा ढग जमिनीलगत सरकतो. इथे ‘कुठे’च्या जोडीला दुसरा प्रश्न लगेच: वारा कोणत्या दिशेनं आहे? बंबाला वाऱ्याच्या वरच्या अंगानं पाठवावं लागतं, नाहीतर वाचवायला गेलेलेच ढगात शिरतात. ज्याच्या डोळ्यांत गेलंय त्यानं भरपूर पाण्यानं निदान पंधरा मिनिटं धुवत राहायचं, आणि ढगाच्या वाटेतल्या घरांनी दारं-खिडक्या लावून आत थांबायचं.

हवामानानं तर इथे सगळंच बदलतं. हिमवादळात पुढे बर्फ बाजूला करणारा ट्रक आणि मागे अ‍ॅम्ब्युलन्स अशी वरात काढावी लागते आणि त्या ट्रकच्या चालकाला घरून उठवणं हेही आपलंच काम. गाडीत अडकलेल्याला सांगायचं की उतरून चालत निघू नका, धुराड्याच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, इंजिन थोडा थोडा वेळच चालवा. १० ऑगस्ट २०२० च्या दुपारी आलेलं डेरेचो, म्हणजे सरळ रेषेत धावणाऱ्या वाऱ्याचं वादळ, इथल्या कोणीच विसरलेलं नाही. सिडर रॅपिड्सच्या परिसरात वाऱ्याचा वेग ताशी १४० मैलांपर्यंत गेल्याचा हवामान खात्याचा अंदाज आहे. उभा मका आडवा झाला, धान्याच्या कोठ्या चुरगळल्या आणि मोबाइलचे टॉवर बंद पडले. टॉवर गेले की फोन कमी होतात, आणि तेव्हाच जास्त काळजी करायची असते, कारण गरज तेवढीच असते, फक्त ती आपल्यापर्यंत पोचत नाही. भोंग्यांबद्दलही लोकांचा एक गैरसमज आहे. ते घराबाहेरच्या माणसांना आत बोलावण्यासाठी असतात. बंद घरात झोपलेल्याला ते ऐकू येतीलच असं नाही. घरात हवामानाचा रेडिओ ठेवा.

रेडिओबद्दल एकच सांगते. रात्री डेप्युटी एकटा गाडी थांबवतो तेव्हा त्याच्या मदतीला येणारा दुसरा पंचवीस मिनिटांवर असू शकतो. ठरलेल्या वेळानं त्याची विचारपूस करायची आणि उत्तर आलं नाही तर वाट पाहत बसायचं नाही. त्याचा ‘सगळं ठीक’ म्हणतानाचा रोजचा आवाज तुम्हाला पाठ होतो, आणि तो बदलला तर कळतो.

व्हॉलंटिअरांची चणचण हे मात्र खरं दुखणं आहे आणि तुम्हाला ते पहिल्याच आठवड्यात दिसेल. पूर्वी दलातली माणसं गावातच कामाला असत. आता दिवसा ती तीस मैलांवरच्या शहरात असतात. पेजर वाजवते, कोणी उत्तर देत नाही. पुन्हा वाजवते. मग पुढच्या गावाला. तोपर्यंत गेलेली मिनिटं फोनवरच्या माणसाबरोबर मीच काढते. आयोवात अ‍ॅम्ब्युलन्स ही काउंटीनं पुरवलीच पाहिजे अशी सेवा कायद्यानं नव्हती. २०२१ च्या कायद्यानंतर काउंटीला ती आवश्यक सेवा म्हणून जाहीर करता येते आणि मतदारांची मंजुरी घेऊन तिच्यासाठी कर लावता येतो. तुमच्या काउंटीत हा विषय मतदानाला आला, तर शेजाऱ्यांशी नक्की बोला. मला यात तटस्थ राहता येत नाही.

आता एकटेपण आणि मनावरचा भार. शहरातल्या डिस्पॅचरला फोनवरचा माणूस सहसा अनोळखी असतो. लहान काउंटीत तो तुमच्या मुलाचा शिक्षक असतो, दुकानातली नेहमीची बाई असते. चार दिवसांनी ती समोर येते आणि तुम्हाला काहीच माहीत नसल्यासारखं बोलायचं असतं. घरी नवऱ्यालाही सांगायचं नसतं. ही गुप्तता पाळणं ज्याला जड जातं त्यानं या वाटेला जाऊ नये. उलट बाजूनं, कित्येक फोनांचा शेवट कधी कळतच नाही. दारात अ‍ॅम्ब्युलन्स येते, फोन ठेवला जातो आणि लगेच पुढचा वाजतो. अवघड फोननंतर सहकाऱ्यांसोबत बसून बोलायची सोय तुमच्या ऑफिसात आहे का, हे मुलाखतीत बिनधास्त विचारा. ज्या ऑफिसात या प्रश्नाचं नीट उत्तर मिळत नाही, तिथे मी नोकरी घेणार नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या व्यवसाय-वर्गवारीत आम्ही कार्यालयीन कामगारांत मोडतो, पोलिस आणि अग्निशमनच्या संरक्षक सेवांत नाही. ते बदलावं म्हणून २०१९ मध्ये संसदेत विधेयकही आलं. मला ही वर्गवारी चुकीची वाटते. रात्री त्या पोराला शिडीवरून खाली उतरवणारी बाई कारकुनी करत नसते.

उच्चाराचं. माझाही मराठीच आहे आणि त्यानं अडलेलं नाही. अडतं ते वेगामुळे. आपण घाईत शब्द एकमेकांत मिसळतो, तेवढं सोडायचं. आकडे एकेक सुटे बोलायचे, ऐकलेला पत्ता परत म्हणून दाखवायचा. शिवाय आयोवा तुम्हाला वाटतो तेवढा एकभाषी नाही. स्टॉर्म लेक, डेनिसन, मार्शलटाउन अशा मांस-प्रक्रियेचे कारखाने असलेल्या गावांतून स्पॅनिश, लाओ, बर्मी बोलणाऱ्यांचे फोन येतात. आम्ही दुभाष्याला त्याच फोनवर जोडून घेतो. परक्या भाषेत घाबरणं काय असतं हे तुम्हाला आतून माहीत आहे, आणि हे कोणत्याही कार्डावर छापलेलं नसतं. बोलताच येत नसेल, म्हणजे घरात मारहाण करणारा माणूस अगदी बाजूला उभा असेल, तर आता बहुतेक ठिकाणी ९११ ला लिखित संदेश पाठवता येतो. देशात ही सोय सगळ्यात आधी, २००९ मध्ये, आयोवातल्याच ब्लॅक हॉक काउंटीत सुरू झाली. आणि फोनवर कोणी काहीच बोलत नसेल तर आपण ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायचे.

अर्जाचं थोडक्यात सांगते. काही ठिकाणी नागरिकत्वाची अट असते, काही ठिकाणी ग्रीन कार्ड चालतं, आधी तेवढं विचारून घ्या. गुन्ह्यांच्या नोंदी हाताळायच्या असल्यानं बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची कसून तपासणी होते. टायपिंग, ऐकण्याची चाचणी, आणि ऐकता ऐकता टाइप करायची परीक्षा असते. बँकेच्या काउंटरवर रांग, फोन आणि संगणक एकाच वेळी सांभाळलेल्या बाईला ती जड जाऊ नये. राज्याचं मूलभूत प्रशिक्षण आणि त्यानंतर काही महिने अनुभवी माणसाच्या शेजारी बसून काम. पाळ्या बहुधा बारा तासांच्या, सणवार नाहीत. पगार शहरापेक्षा कमी. खर्चासाठी प्रत्येक फोनवर महिन्याला एक डॉलर ९११ अधिभार घेतला जातो, पण तो यंत्रणेला लागतो. माणसांचा पगार मुख्यतः काउंटीच्या करांतून येतो.

आणखी एक, हे वाचणाऱ्या सगळ्या मराठी घरांसाठी. मुलगा इथे एकटा राहतो, दोन दिवस फोन उचलत नाही, तर पुण्याहून ९११ लावून तो आमच्याकडे येत नाही. मुलाच्या काउंटीच्या शेरीफच्या ऑफिसचा किंवा शहराच्या पोलिसांचा दहा आकडी नंबर आधीच लिहून ठेवा, आणि फोन लागल्यावर त्याचा पूर्ण पत्ता, गाडीचा रंग आणि नंबर सांगून ‘वेलफेअर चेक’ हवाय म्हणा, म्हणजे कोणीतरी जाऊन तो ठीक आहे ना ते पाहतं. हे रोजचं काम आहे, कोणी रागावत नाही. उन्हाळ्यात आई-बाबा इथे आले की घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा. त्यांना शिकवा की ९११ लावून आधी पत्ता वाचायचा आणि मग ‘मराठी’ एवढा एकच शब्द म्हणायचा. बाकीचं आम्ही पाहतो. सिमकार्ड नसलेल्या जुन्या मोबाइलवरूनही ९११ लागतो, पण फोन तुटला तर आम्हाला तो नंबर परत लावता येत नाही. म्हणून अशा फोनवरून बोलताना आपण होऊन फोन ठेवायचा नाही.

तुम्हाला झेपेल का, हे मला इथून सांगता येणार नाही, पण ते तपासायचा चांगला मार्ग आहे. बरीच ऑफिसं उमेदवाराला काही तास शेजारी बसून ऐकू देतात. अर्ज करण्याआधी फोन करून ती परवानगी मागा. दिवसाची पाळी मागू नका, शनिवारची रात्र मागा, आणि शक्य असेल तर मका काढणीच्या दिवसांतली. खाण्याचा डबा न्या, कारण तिथून उठून कुठे जाता येत नाही. ऐकताना काय वाटलं ते मला कळवा, मग पुढच्या परीक्षेबद्दल बोलू.